तेल, वीज आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)





विजेची गाडी बरी की पेट्रोलची, हा वाद आज चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत चालू आहे. कोणी म्हणतो, विजेच्या गाडीने हवा स्वच्छ होईल. कोणी म्हणतो, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्या कोकणातील मुस्लिम समाजाला हा वाद परका नाही, कारण आपल्यातील कित्येक घरांचे चिरे तेलाच्या पैशावर रचले गेले आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि थोड्याच महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो अकरा-बारा डॉलरवर गेला. त्या पैशातून आखातात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि ते काम करण्यासाठी आपली माणसे कुवेत, बहरीन, दुबई, सौदी अरेबियाकडे निघाली. त्यांनी पाठविलेल्या ड्राफ्टवर इथे घरे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावोगावच्या शाळांना हातभार लागला. तेव्हा जग तेलापासून दूर जाणार असेल, तर त्याची झळ आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणारच.

जग खरोखरच दूर जात आहे काय? डिसेंबर २०२३ मध्ये हवामानविषयक जागतिक परिषद भरली ती दुबईतच. कोळसा, तेल व वायू या इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन त्या परिषदेच्या ठरावात प्रथमच आले. सौदी अरेबियाने २०१६ मध्येच तेलावरचे अवलंबन कमी करण्याची योजना जाहीर केली. दुबईच्या वाळवंटात सूर्याच्या उन्हावर वीज करणारा प्रचंड प्रकल्प उभा आहे. नॉर्वे हा स्वतः तेल विकणारा देश. पण तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तेल विकणारेच तेलानंतरच्या दिवसांची तजवीज करीत आहेत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला देश तर लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून विकत घेतो.

आता वादाच्या दोन्ही बाजू आपण हिशेबाने पाहू. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत उतरवून घ्यावा. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी दुचाकी १०० किलोमीटरला दोन लिटर पेट्रोल घेते, म्हणजे ४.६ किलो वायू सोडते. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी तीन-चार युनिट वीज लागते. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम वायू बाहेर पडतो, कारण बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांत कोळसा जाळूनच होते. चार युनिट धरले तरी २.८ किलो झाले. म्हणजे विजेची गाडी धूर थांबवीत नाही, कमी करते. वीज कोयनेच्या पाण्यावर, वाऱ्यावर किंवा उन्हावर झाली, तर तो आणखी कमी होईल.

खिशाचा हिशेबही असाच आहे. दोन लिटर पेट्रोलला दोनशे रुपयांच्या वर मोजावे लागतात. चार युनिट विजेला चाळीस रुपये धरले तरी पुष्कळ झाले. पण विरोधकांचे म्हणणेही खोटे नाही. गाडीची मूळ किंमत जास्त आहे, बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा आहे, खेड्यात चार्जिंगची सोय तोकडी आहे. बॅटरीत लागणारे कोबाल्ट बहुतांशी आफ्रिकेतील काँगो देशातून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात. स्वच्छ हवेची ही किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजावी, हे कोणत्याही सुजाण माणसाला पटणारे नाही.

असे असले तरी हा बदल आपल्या संमतीसाठी थांबणार नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुले शाळा अर्धवट सोडून गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली लागतात. पिस्टन, क्लच, प्लग, सायलेन्सर, ऑइल बदलणे, यावर त्यांची रोजीरोटी चालते. विजेच्या गाडीत यांतले जवळजवळ काहीच नसते. तिच्यात बॅटरी, मोटार आणि तारांचे जाळे असते. मोटारीच्या बॅटरीचा दाब साधारणतः चारशे व्होल्टच्या घरात असतो. तिथे केवळ पाहून शिकलेला हात जिवावर बेतू शकतो. तिथे गणित हवे, विज्ञान हवे, नकाशा वाचता यायला हवा.

पालक बंधू-भगिनींनो, म्हणून माझी आपणास कळकळीची विनंती आहे. मुलाला दहावीच्या आत कामाला लावू नका. आज आय. टी. आय.च्या अभ्यासक्रमांत विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आहे. इलेक्ट्रिशियन, सौरऊर्जा, बॅटरीची दुरुस्ती ही कामेही वाढणार आहेत. यांत अंगमेहनतीपेक्षा हिशेबी डोके व सफाईदार हात लागतो. तेव्हा मुलींनाही या शिक्षणापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. आणि जे उस्ताद आज गॅरेज चालवीत आहेत, त्यांच्यासाठी संस्थेने सुट्टीच्या दिवशी वर्ग काढावेत. त्यांच्या हातात वीस-वीस वर्षांचा अनुभव आहे. त्याला थोड्या पुस्तकी ज्ञानाची जोड मिळाली तर तो वाया जाणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या पिढीने बळकट खांद्यांवर परदेश गाठला. उद्या आखातात गेलात तरी तिथे सौरप्रकल्प सांभाळणारा माणूस मागतील आणि त्याचे प्रमाणपत्र आधी पाहतील. विजेची गाडी विकत घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. ती दुरुस्त करणारा, तिची बॅटरी बनविणारा, तिच्यासाठी उन्हातून वीज काढणारा माणूस मात्र आपल्या शाळेतून निघाला पाहिजे. त्याची तयारी आजच्या गणिताच्या तासापासून सुरू होते.