आजी गोष्टी सांगे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या भवितव्यावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची इच्छा होती. भवितव्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत आम्ही तीस वर्षे टिपणे लिहिली; पदवी बी. ए.ची, तीही जेमतेम पदरात पडलेली. म्हणून आम्ही विषय निवडला आहे तो नववीच्या वर्गातील फ्रेंचचा. आपणांस हसू येणे साहजिक आहे. पण आमच्या घरातली मराठी आम्हांला प्रथम नीट दिसली ती त्या फ्रेंचच्या वहीत, हे सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

2012 साली आमची बदली भोपाळहून पुदुच्चेरीला झाली. त्यापूर्वी लखनौ आणि जबलपूर झाले होते. कन्या नववीत, आणि आमच्या मातोश्री आमच्याचकडे. पुदुच्चेरीचा कारभार 1954 च्या 1 नोव्हेंबरला भारताकडे आला आणि 1962 च्या 16 ऑगस्टला ते हस्तांतर कायदेशीररीत्या पूर्ण झाले, हे आपण जाणताच. परंतु 1956 च्या करारात असे एक कलम आहे की, लोकप्रतिनिधी वेगळा निर्णय घेईपर्यंत तेथे फ्रेंच ही राजभाषा राहील. समुद्राजवळच्या जुन्या वस्तीत रस्त्यांच्या नावांआधी आजही ‘रू’ लिहिलेले दिसते. तेव्हा कन्येच्या शाळेत फ्रेंच असावी यात नवल नव्हते. प्रश्न असा होता की, तामिळ तिला येत नव्हती आणि संस्कृतचा वर्ग त्या शाळेत नव्हता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयांच्या यादीत मराठी आहे. पण यादीत असणे आणि वर्गात असणे यांत किती अंतर असते, हे आपल्यापैकी प्रत्येक बदलीवाल्यास ठाऊक आहे. उरली फ्रेंच.

वर्गातील इतर मुले तीन वर्षे फ्रेंच शिकलेली. ‘माझे नाव अमुक, मी तमुक ठिकाणी राहतो’ हा टप्पा त्यांनी केव्हाच ओलांडला होता. भूतकाळाचे दोन प्रकार, क्रियापदांचे नाना अवतार, पत्रलेखन, निबंध अशा मधल्या पायरीवर वर्ग उभा होता, आणि आमची कन्या थेट तेथे जाऊन पडली. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात गुण मिळाले. शिकवणी परवडत होती. पण तिला तिसऱ्या इयत्तेच्या पुस्तकापासून आरंभ करणे लाजिरवाणे वाटे. म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्हीच ते पुस्तक घेऊन बसू लागलो. आम्हांस फ्रेंचचे अक्षर येत नव्हते. पण वडिलांच्या पेटीतून आलेले मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ घरात होते, आणि प्रत्येक बदलीत ते ओझे कशासाठी वाहायचे, यावरून आमच्या घरात वादही होत असे.

पहिली अडचण लिंगाची. फ्रेंचमध्ये लिंगे दोन. सूर्य पुल्लिंगी, चंद्र मात्र स्त्रीलिंगी. हे ऐकून मातोश्री शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “म्हणजे चांदोमामाची यांनी मावशी केली की काय?” कन्या खळखळून हसली, आम्ही मात्र मनात चरकलो. कारण आमच्या कन्येच्या मराठीतून नपुंसकलिंग केव्हाच सेवानिवृत्त झाले होते. ‘दूध सांडला’, ‘पुस्तक फाटली’, ‘माझा घर’ असे ती बोले. आम्ही ते हिंदी मुलखाचे देणे समजून सोडून दिले होते. फ्रेंच लिंगाची चूक झाली तर अर्धा गुण जातो, म्हणून ती रात्री घोकत बसे. मराठीतल्या चुकीला कोणी गुण कापत नव्हते.

मग आला पूर्ण झालेल्या कृतीचा भूतकाळ. काही निवडक क्रियापदांत – जाणे, येणे, पडणे, जन्मणे, मरणे – कर्ता स्त्रीलिंगी असेल तर रूप बदलते, हा नियम तिच्या गळी उतरेना. ‘इल ए तोंबे’ आणि ‘एल ए तोंबे’, उच्चार एकच, पण दुसऱ्यात लिहिताना एक अक्षर वाढवायचे. ते का, असे ती विचारी. आम्ही म्हणालो, “अगं, तो पडला, ती पडली. मराठीत ते कानांना ऐकू येते, त्यांच्याकडे फक्त कागदावर दिसते.” पुढचा नियम तर तिच्या वर्गातील हुशार मुलांनाही चकवत होता. इतर क्रियापदांत कर्म जर आधी आले, तर क्रियापदाचे रूप कर्माप्रमाणे बदलते. ‘ला लेत्र क जे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. ‘ल लीव्र क जे एक्री’, मी लिहिलेला ग्रंथ. आम्ही दामले उघडले आणि कर्मणी प्रयोग दाखविला. मराठीत कर्म आधी असो वा नंतर असो, क्रियापद त्याचेच ऐकते. फ्रेंचमध्ये ते आधी येऊन बसले तरच त्याला मान. त्या दिवशी ती वर्गात उभी राहिली आणि हा नियम मराठीच्या दाखल्याने सांगितला. ‘इल फो क त्यू व्हियेन’ याला आमच्या भाषेत ‘तू यावेस’ असे एकाच शब्दाचे वळण आहे, हेही तिने सांगितले म्हणे. एवढे कौतुक तिच्या मराठीचे यापूर्वी कोणत्याही शाळेत झाले नव्हते.

दुसरा भूतकाळ सवयीचा. पूर्वी वारंवार घडत असे, त्यासाठी. आमच्या जुन्या शालेय व्याकरणातला हा रीतिभूतकाळच: तो जाई, ती करी, आजी सांगे. तो तिला चटकन समजला, आणि त्यानेच पुढचा घोटाळा केला.

सहामाहीनंतर पालकांना शाळेत बोलावले होते. फ्रेंच शिकविणाऱ्या मादाम वयस्कर, 1962 नंतर फ्रेंच नागरिकत्व राखलेल्या एका तामिळ कुटुंबातल्या. त्यांनी आम्हांला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आपल्या मातोश्रींचे वाचून फार वाईट वाटले.” आम्ही गोंधळलो. मातोश्रींना आम्ही घरी टीव्हीसमोर बसवून आलो होतो. मादामनी निबंधाची वही पुढे केली. विषय ‘माझी आजी’. सारा निबंध रीतिभूतकाळात. आजी गोष्टी सांगे. आजी हसवी. मी तिच्या कुशीत झोपे. आजी हयात आहेत असे आम्ही सांगताच मादाम थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, “मग हा काळ चुकला. दोन गुण कापते.”

घरी आल्यावर आम्ही कन्येला जाब विचारला. ती म्हणाली, “बाबा, काळ बरोबर आहे. आजी सांगायची. आता नाही सांगत.” का, म्हणून विचारले. “तिचे शब्द मला कळायचे नाहीत. मी सारखी मध्येच ‘मतलब?’ विचारायची. मग ती थांबली.”

बंधुभगिनींनो, हे केव्हा घडले, लखनौला की जबलपूरला, हे आम्हांस सांगता आले नाही. आम्ही त्याच घरात होतो. सायंकाळी पेपर वाचत होतो, बढतीच्या यादीची चौकशी करीत होतो. आजी आणि नात यांच्यामधले बोलणे कमी झाले, ते आम्हांस एका परक्या भाषेच्या क्रियापदावरून कळले.

मातोश्रींनी सर्व ऐकले होते. त्या म्हणाल्या, “काय लिहिलेस ते वाच बघू, मराठीत.” कन्येने एकेक वाक्य अडखळत मराठीत सांगितले. ‘आजी गोष्टी सांगे’पाशी मातोश्रींनी तिला थांबविले. “सांगे काय? सांगते म्हण. मीच बंद केले होते, माझीही चूक आहे. लेकराला शब्द अडला तर तो सांगायचा असतो.” आणि त्या रात्री त्यांनी आपल्या माहेरच्या वाड्याची गोष्ट सांगितली. ‘परसदार’ या शब्दाला कन्या अडली. मातोश्री उठल्या आणि आमच्या सरकारी निवासस्थानाचे मागचे दार उघडून तिला बाहेर नेऊन उभे केले.

मातोश्री 2019 मध्ये गेल्या. कन्या आता बंगळुरात नोकरी करते. तिची फ्रेंच बरीचशी विसरली आहे. मराठी ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचते. हे भाषण येथे येण्यापूर्वी आम्ही तिला दूरध्वनीवरून वाचून दाखविले. तिची एकच दुरुस्ती होती: पहिल्या चाचणीत सात नव्हे, आठ गुण मिळाले होते.