यंत्र आलं, मामा गेले

देशाच्या विज्ञानधोरणावर आठ मिनिटं बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं आणि मी हो म्हणालो. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की विषय कुठलाही दिला तरी मी शेवटी प्रयोगशाळेच्या देखभालीवर घसरतो. आज सुरुवातच तिथून करू.

धोरणांची आपल्याकडे वाण नाही. विज्ञानधोरणाचा पहिला ठराव नेहरूंच्या सरकारनं केला मार्च १९५८ मध्ये, आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला नेहरूंच्याच हस्ते आपल्या मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पुढे १९८३, २००३, २०१३ अशी धोरणं येत गेली. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून उभे करायचे. त्यावर पुन्हा खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटींचा निधी, बिनव्याजी नाहीतर अगदी कमी व्याजानं. तरी देशाच्या उत्पन्नात शंभर रुपयांमागे आपण संशोधनावर ६४-६५ पैसेच घालतो. चीन अडीच रुपयांच्या वर, दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. हे रडगाणं सगळेच गातात, ते गाऊ देत. मला एवढंच विचारायचंय की आलेल्या पैशातून घेतलेलं यंत्र तिसऱ्या वर्षी चालू असतं का?

आपल्याकडे मोसंबीच्या बागा घरोघरी, म्हणून तिथलंच सांगतो. अनुदानावर ठिबक घेतलं. टाकी झाली, मोटर बसली, पाइप पुरले, फोटो निघाला. पहिल्या वर्षी बाग हिरवीगार. पण फिल्टर धुवायचा कोणी? वर्षातून एकदोनदा नळ्यांतून अ‍ॅसिड सोडायचं, टोकाची बुचं काढून गाळ काढायचा, हे करायचं कोणी? दुसऱ्या उन्हाळ्यात ड्रिपर चोक होतात. मोटर चालू, टाकी भरलेली, मीटर फिरतंय, आणि शेवटच्या ओळीतली झाडं वाळताहेत. मालक म्हणतो, पाणी कमी पडतंय, मोठी टाकी बांधू.

दिल्लीत सध्या टाकी मोठी करण्याचं काम जोरात आहे. माझी तक्रार शेवटच्या ओळीची आहे, आणि त्या ओळीत जालना, बीड, हिंगोलीची कॉलेजं उभी आहेत.

एक उदाहरण सांगतो, कॉलेजचं नाव विचारू नका. केंद्राच्या अनुदानातून एफटीआयआर स्पेक्ट्रोमीटर आला. देखणं यंत्र. पण त्याच्या आतल्या खिडक्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या, जवळजवळ मिठाच्याच म्हणा ना. दमट हवा लागली की पांढुरक्या पडतात. म्हणून आत सिलिका जेलची पुडी ठेवायची. जेल निळं आहे तोवर कोरडं. गुलाबी झालं की ओव्हनमध्ये शेकायचं, पुन्हा निळं होतं, पुन्हा ठेवायचं. पावसाळ्यात तर दर आठवड्याला बघावं लागतं. हे काम प्रयोगशाळा परिचर करत, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो. मामांना स्पेक्ट्रोस्कोपी येत नव्हती, पण जेलचा रंग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मामा निवृत्त झाले. जागा भरली नाही, कारण भरतीला परवानगी नाही. दोन पावसाळ्यांत खिडक्या गेल्या. नव्या बसवायला पैसे मागितले तर उत्तर आलं, अनुदान यंत्राचं होतं, दुरुस्तीचं हेड नाही. आता यंत्र कव्हराखाली असतं. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे, त्यामुळे हलवता येत नाही, आणि निर्लेखनाची फाइल फिरतेच आहे. नॅकची समिती आली की कव्हर काढून पुसतात. हार घालायचा तेवढा राहिलाय.

पुन्हा सांगतो, म्हणजे कोणी नुसता आकडा ऐकून रेडिओ बंद करायला नको. यंत्र घ्यायला पैसा मिळतो. राखायला मिळत नाही, आणि राखणारा माणूस तर मुळीच मिळत नाही.

हे कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं सत्तरच्या दशकातच विद्यापीठांतून उपकरण केंद्रं काढायला सुरुवात केली होती. यूसिक म्हणायचे त्यांना. यंत्रं दुरुस्त करणं आणि माणसं शिकवणं, दोन्ही त्यांचंच काम. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबचं बघा. २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालवण्याला. शाळेला जी अक्कल लावली ती कॉलेजला का नाही? आयस्टेम नावाचं पोर्टल आहे, कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे ते तिथं दिसतं, दुसऱ्याचं यंत्र वापरता येतं. चांगली सोय आहे. पण बंद यंत्र वाटून घेऊन करायचं काय?

आता औंढा नागनाथ. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होते आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. एल आकारात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, आणि त्या नळ्यांत निर्वात. अमेरिकेतल्या लायगोत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याएवढा ठेवतात. वरच्या निधीचाच आकडा, बघा! तो निर्वात टिकवणारे कोण? पंप बघणारे, गळती शोधणारे, जोड तपासणारे, रात्रपाळीला बसणारे. लेख शास्त्रज्ञांच्या नावानं छापून येतील, यायलाच हवेत. पण गळती शोधणारा पोरगा हिंगोलीचा का नसावा? त्याला निर्वात पंप हाताळायला शिकवणारी जागा आज आपल्या भागात मला दिसत नाही. यंत्रं आली की बाहेरून माणसं येतील, आणि आपली मुलं गेटवर सिक्युरिटीत उभी राहतील.

आणि कसब आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? वाळूजला चला. सीएनसी बंद पडली तर मेंटेनन्सवाला जेवण टाकून पळतो, कारण तासाचा हिशेब मॅनेजर मागतो. प्रत्येक यंत्राला तक्ता टांगलेला, तेल कधी, बेअरिंग कधी. कॉलेजातल्या यंत्राचा हिशेब मागणारा कोणी नाही. वाळूजच्या निवृत्त फिटर-इलेक्ट्रिशियन मंडळींना आठवड्यातून एक दिवस कॉलेजांना जोडून दिलं तर… हे मी एका बैठकीत बोललो होतो, तेव्हा त्यांचं मानधन कोणत्या हेडमधून, असा प्रश्न आला आणि चहा आला.

काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत, एकच मिनिट राहिलंय. प्राध्यापक मित्रांनो, पुढच्या प्रस्तावात यंत्राच्या किमतीखाली पाच वर्षांच्या देखभालीची ओळ घाला. समिती खोडेल. पुन्हा घाला. आणि त्याखाली एका तंत्रज्ञाचा पगार लिहा, कंत्राटी नव्हे, कारण अकरा महिन्यांच्या माणसाला जेलचा रंग कळू लागतो तोवर त्याची ऑर्डर संपलेली असते. विद्यापीठानं तालुक्यांच्या कॉलेजांसाठी एक फिरतं दुरुस्ती पथक काढावं, गाडी, दोन माणसं आणि सुटे भाग, खर्च किती येतो तो मी मांडून ठेवलाय, तो असा की पहिल्या वर्षी… बरं, वेळ झाली. कागद केंद्रावर ठेवून जातो, हवा असेल त्यांनी मागून घ्या.