पुरात बुडालेल्या गाडीचा गिअरबॉक्स

जुलै 2021च्या महापुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी हाती आली की चावी फिरवू नका. आधी बॅटरीची वायर सोडवा. गिअरबॉक्सला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते. तिथूनही पाणी आत शिरते. मेकॅनिककडून ऑइल तपासून घ्या. ते दुधाळ दिसले, तर पाणी मिसळले असे समजा. मग ते पूर्ण काढून, आतून धुऊन, नवे भरावे लागते. गरज पडल्यास पुन्हा बदलावे लागते. ऑटोमॅटिक गाडीत धोका जास्त, कारण क्लच प्लेटवर चिकटवलेला थर पाण्याने सुटू शकतो. ती ओढत नेऊ नका, चारही चाके उचलून न्या. आणि फोटो काढून विमा कंपनीला कळवा, मगच दुरुस्तीला हात घाला.