देश बुडत नाहीत, पण हप्ते थकतात

रात्री अकरा वाजता पैशांची गरज पडली, तर आज आपण कोपऱ्यावरच्या एटीएमकडे जातो. बँकेला कुलूप असतानाही आपले पैसे मिळतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. हे यंत्र पहिल्यांदा बसलं लंडनमध्ये, १९६७ साली. पण न्यूयॉर्कसारख्या महानगरात शाखोशाखी ती यंत्रं बसवण्याचा जुगार सिटीबँकेनं १९७७ मध्ये खेळला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत प्रचंड हिमवादळ आलं, बँका बंद पडल्या, आणि लोकांना यंत्राची किंमत कळली. त्या वेळी या बँकेचे अध्यक्ष होते वॉल्टर रिस्टन.

रिस्टन यांचा जन्म १९१९ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. वडील इतिहासाचे प्राध्यापक, पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष. मुलाचा ओढा परराष्ट्र खात्याकडे होता. पण महायुद्धातून परतल्यावर १९४६ मध्ये ते बँकेत साधे तपासनीस म्हणून लागले आणि तिथेच रमले. १९६७ मध्ये बँकेची सूत्रं त्यांच्या हाती आली. १९७० मध्ये ते अध्यक्ष झाले आणि १९८४ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांचं वेगळेपण आधीच दिसलं होतं. ओनासिस या ग्रीक जहाजमालकाला तेलवाहू जहाजांसाठी कर्ज हवं होतं. जहाज आज आहे, उद्या समुद्रात बुडेल; त्यावर कर्ज कसं द्यायचं? रिस्टन यांनी जहाजापेक्षा त्याच्या भाडेकरारावर नजर ठेवली. बडी तेलकंपनी जहाज काही वर्षांसाठी भाड्यानं घेणार असेल, तर त्या भाड्यातून हप्ते फिटतील. कर्ज फिटणार कुठून, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला.

१९६१ मध्ये त्यांच्या बँकेनं मुदतीआधी बाजारात विकता येणारं ठेव प्रमाणपत्र रूढ केलं. आपल्याकडे ते १९८९ मध्ये आलं. सरकारी बंधनं त्यांना जाचत. न्यूयॉर्क राज्यातल्या व्याजमर्यादेमुळे क्रेडिट कार्डाचा धंदा तोट्यात जाऊ लागला, तेव्हा १९८१ मध्ये त्यांनी तो उचलून थेट साउथ डकोटात नेला. त्या राज्यानं व्याजावरची मर्यादाच काढून टाकली होती.

पण खरी कसोटी वेगळीच होती. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. आखाती देशांकडे डॉलरचा पूर आला आणि ते पैसे पाश्चात्त्य बँकांत ठेव म्हणून येऊन पडले. ठेवीवर व्याज द्यायचं, तर पैसा कुणाला तरी कर्जाऊ द्यायला हवा. मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना हे देश कर्ज घ्यायला तयारच होते. या कर्जवाटपात रिस्टन यांची बँक आघाडीवर होती. देश काही दिवाळखोर होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कंपनी बुडते, नाहीशी होते. देशाची जमीन, खनिजं, माणसं मात्र जागच्या जागी राहतात.

युक्तिवाद चुकीचा नव्हता, अपुरा होता. देश जागेवर राहतो, पण हप्ता तारखेला लागतो, आणि तोही डॉलरमध्ये. मेक्सिकोला डॉलर छापता येत नव्हते. शिवाय ही कर्जं बदलत्या व्याजदराची होती. १९७९ नंतर महागाई रोखण्यासाठी अमेरिकेत व्याजदर चढत गेले, वीस टक्क्यांवर पोचले. कर्जदारांचं कंबरडं मोडलं. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोचे अर्थमंत्री सिल्वा हेर्झोग यांनी वॉशिंग्टनमध्ये सांगून टाकलं, की आता हप्ते भरणं शक्य नाही. पाठोपाठ इतर देशही त्याच वाटेनं गेले. रिस्टन यांनी पुढच्याच महिन्यात वृत्तपत्रात लेख लिहून आपली भूमिका पुन्हा मांडली.

बँका लगेच बुडाल्या नाहीत. कर्जांना मुदतवाढ मिळाली, नाणेनिधी धावून आला, पण अटी घालूनच. सरकारी खर्च कापला गेला, मजुरीचं मोल घसरलं. लॅटिन अमेरिकेत त्या दहा वर्षांना 'हरवलेलं दशक' म्हणतात. कर्जाच्या कागदावर सही न केलेल्या माणसांनी ते फेडलं. रिस्टन यांचे वारसदार जॉन रीड यांनी १९८७ मध्ये बुडीत कर्जांसाठी तीन अब्ज डॉलर बाजूला काढले, तेव्हा बँकेनं हे नुकसान उघडपणे मान्य केलं. १९८९ च्या ब्रॅडी योजनेत तर बँकांना येण्याचा काही भाग सोडावाच लागला.

२००४ मध्ये रिस्टन यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २००५ च्या जानेवारीत ते गेले. अवघ्या तीन वर्षांत, २००८ मध्ये, त्यांची बँक पुन्हा संकटात सापडली. या वेळी कर्जदार देश नव्हते, घरं होती. घरांच्या किमती देशभर एकदम पडणार नाहीत, हा विश्वास या वेळी फसला. सरकारनं ४५ अब्ज डॉलर ओतून बँक सावरली. तेव्हा बँकेची धुरा होती आपल्या नागपुरात जन्मलेल्या विक्रम पंडित यांच्याकडे. नफा होईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

रिस्टन यांना नुसतं धाडसी म्हणून गौरवणं किंवा बेफिकीर म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. आपल्या रोजच्या बँकव्यवहारावर त्यांच्या धाडसाची खूण आहे, हे खरंच. पण जहाजासाठी कर्ज देताना त्यांनी जो प्रश्न विचारला होता, तो देशांना कर्ज देताना तितक्या कसोशीनं विचारला गेला नाही. कर्जदार मोठा आहे म्हणून कर्ज सुरक्षित ठरत नाही. फिटणार कुठून, हे विचारावंच लागतं. मग दारात शेजारी उभा असो की एखादं सरकार.