हुन्नर आणि पत



निर्वासितांचे व्यवसायशिक्षण हा विषय साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर थोडा परका वाटेल, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करतो. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो. म्हणजे ज्याची वस्ती उठली तो. हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात. म्हणजे आसरा मागणारा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या अनेकांना हा शब्द झोंबला. आम्हाला ‘पुरुषार्थी’ म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. पहिला शब्द माणसाने काय गमावले ते सांगतो, दुसरा तो काय मागतो ते सांगतो, आणि तिसरा तो काय करू शकतो ते सांगतो. निर्वासितांसाठी आखलेली योजना यांपैकी कोणत्या शब्दावर उभी आहे, ते आधी पाहावे.

1947 नंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत एका वेळी तीन लाखांच्या आसपास माणसे तंबूंत राहत होती. शिधा मिळत होता, पण हाताला काम नव्हते. एस. के. डे नावाच्या अभियंत्याने तेथे काम आणि शिक्षण एकत्र देण्याचा प्रयोग सुरू केला. 1948 मध्ये तो दिल्ली–अंबाला रस्त्यावरील नीलोखेडीच्या दलदलीच्या जमिनीवर नेला. पाण्याचा निचरा करायचा, रस्ते आणि घरे बांधायची, कार्यशाळा उभ्या करायच्या, हे सारे निर्वासितांनीच करायचे आणि करता करता शिकायचे. आसपासच्या खेड्यांना जे लागते ते या वसाहतीने पुरवावे, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे शिकवण्यापूर्वीच गिऱ्हाईक कोण, याचा विचार झाला होता. हेच डे पुढे देशाच्या सामुदायिक विकास खात्याचे मंत्री झाले.

आणखी एक धागा फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. महायुद्ध संपताना, 1945 मध्ये, सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना नागरी जीवनात काम मिळावे म्हणून केंद्रात एक संचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर विस्थापितांचे कामही त्याच्याकडेच आले. 1950 पासून त्याची प्रशिक्षण केंद्रे सर्व नागरिकांना खुली झाली, आणि त्यातूनच आपल्या ओळखीच्या आयटीआयची परंपरा वाढली. आज आपल्या गल्लीतला मुलगा फिटर किंवा वायरमनचा दाखला घेऊन बाहेर पडतो, त्या वाटेवर निर्वासितांचीही पावले उमटलेली आहेत. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी जेथे कलाभवन सुरू केले, त्या बडोद्याला हुन्नरशिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण हुन्नर पुरतो का? आजच्या बोलण्यात मला एवढेच मांडायचे आहे की, तो एकटा पुरत नाही.

निर्वासित होणारा माणूस बहुधा अडाणी किंवा अकुशल नसतो. सुताराला रंधा धरता येतो, दुकानदाराला हिशेब येतो. त्याची हत्यारे गेलेली असतात, गिऱ्हाईक गेलेले असते, आणि सर्वांत मोठे म्हणजे त्याची पत गेलेली असते. सिंधमधील शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. तशा मुलखातून आलेल्या माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, कोण ओळखत होते? व्यापार त्यांना शिकवावा लागला नाही. उधार माल देणारा मात्र नव्याने मिळवावा लागला. घराघरांत पापड लाटले गेले, फेरी झाली, आणि ओळख वाढली तसतशी छावणीची बाजारपेठ झाली.

बायकांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी होती. छावणीतल्या विधवेला शिवणकाम शिकवणे सोपे. पण एकाच वस्तीत पन्नास जणी शिवू लागल्या, तर शिवून घेणार कोण? कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हा प्रश्न नीट ओळखला होता. 1948 मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने सहकाराच्या आधारे निर्वासितांचे पुनर्वसन हाती घेतले. दिल्लीचे कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम पुढे याच संस्थेने चालवले. कारागिराच्या हाताइतकीच विक्रीची खिडकी महत्त्वाची असते, हे त्या कामातून दिसले.

तिसरे उदाहरण आपण दर हिवाळ्यात रस्त्यावर पाहतो. 1959 मध्ये तिबेटी निर्वासित भारतात आले. त्याच वर्षी दार्जिलिंगला त्यांचे स्वावलंबन केंद्र सुरू झाले. तेथे गालिचे विणण्याचा जुना हुन्नर जपला गेला. पण असंख्य तिबेटी कुटुंबांचे घर चालले ते स्वेटरच्या विक्रीवर. हे स्वेटर बहुतेक लुधियानाचे. तेथील व्यापाऱ्यांनी त्यांना हंगामाआधी माल उधार दिला आणि त्यांनी हंगाम संपल्यावर पैसे चुकते केले. कोणत्याही प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमात नसलेली ही गोष्ट, विश्वास, त्या बाजाराचे खरे भांडवल ठरली.

आता आपल्याकडे वळतो. आपण बडोद्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची मराठी माणसे ‘आम्हीही बाहेरूनच आलो’ असे सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज सरदारांबरोबर, दरबारच्या नोकरीत, सनद किंवा नेमणूक घेऊन आले. त्यांची पत त्यांच्या आधी गावात पोहोचलेली होती. निर्वासिताच्या हातात असा कागद नसतो.

आजही तेच आहे. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. अफगाणिस्तानातून किंवा म्यानमारमधून आलेला माणूस संस्थेच्या वर्गात संगणक शिकतो, केशकर्तन शिकतो, प्रमाणपत्र घेतो, आणि भाड्याचा गाळा किंवा बँकेचे खाते मागायला गेला की अडतो. प्रमाणपत्र ‘याला काम येते’ एवढेच सांगते. ‘याला मी ओळखतो’ हे सांगायला माणूस लागतो.

कायदा बदलणे आपल्या हातात नाही. पण चार-पाच पिढ्यांत साठलेली पत आपल्याजवळ आहे. नव्या माणसाला पहिले काम देणे, ठरलेला पैसा वेळेवर देणे, ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकणे, यासाठी सरकारी योजना लागत नाही. साहित्यसंस्थेत जमणारी आपण माणसे शब्दाला किंमत आहे असे मानतो. ती किंमत कोणाच्या तरी उपयोगी पडावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून थांबतो.