फोन तिचा, बोलणंही तिचंच



आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांना माझं हे बोलणं ऐकू येणार नाही. आपल्या गावातल्या, वाडीवस्तीवरच्या कर्णबधिर बहिणींविषयी मी बोलतेय. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसं मोजली गेली. त्यांच्यापर्यंत रेडिओ पोचत नाही. म्हणून हे बोलणं तुम्ही पोचवायचं आहे.

एक प्रश्न विचारते. तुमच्या ओळखीची कर्णबधिर बाई फोन कसा करते? बहुतेक घरांत ती करतच नाही. तिच्या वतीनं दुसरं कोणी करतं. माहेरी बोलायचं तर जाऊ बोलते. दवाखान्याचा फोन दीर घेतो, बँकेचा नवरा घेतो. पलीकडचं माणूस पाच मिनिटं बोलतं आणि हिला नुसती मान हलवून कळवलं जातं, "ठीक आहे सगळं." काय ठीक आहे? आई आजारी आहे का, तपासणीत काय निघालं, कर्ज मंजूर झालं की नाही, तिला काही कळत नाही. घरची माणसं वाईट असतात असं नाही. पण निवडून निवडून सांगतात.

फोनची गोष्टच मोठी अजब आहे. १८७६ साली अमेरिकेत ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं, पुढे पत्नी झाली तीही कर्णबधिर होती, आणि ते स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवत. तरी त्यांच्या यंत्रानं कर्णबधिरांना मात्र बाहेर ठेवलं. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं तसंच चाललं. मग १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्त नावाच्या, स्वतः कर्णबधिर असलेल्या शास्त्रज्ञानं टंकलेखनाचं यंत्र साध्या फोनला जोडायची युक्ती काढली. इकडे टाइप केलं की तिकडे कागदावर उमटायचं. पण दोन्हीकडे यंत्र हवं. दुकानदाराकडे, डॉक्टरकडे ते कुठलं असायला?

म्हणून मध्ये एक माणूस लागलं. त्याला तिकडे 'रिले सेवा' म्हणतात, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारी सेवा. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि १९९३ पासून ही सेवा देशभर, रात्रंदिवस देणं फोन कंपन्यांवर बंधनकारक झालं. पुढे इंटरनेट आलं, तसा व्हिडिओफोन आला. म्हणजे समोरचं माणूस पडद्यावर दिसणारा फोन.

तो कसा चालतो, सांगते. समजा तिथल्या एका कर्णबधिर बाईला दवाखान्यात वेळ घ्यायची आहे. ती व्हिडिओफोनवर दवाखान्याचा नंबर लावते. पडद्यावर सांकेतिक भाषा जाणणारी दुभाषी येते. बाई हातांच्या खुणांनी बोलते, दुभाषी ते तोंडानं दवाखान्यातल्या माणसाला सांगते. तो जे बोलेल ते ती खुणांनी बाईला दाखवते. फोन आला की घरात दिवा लुकलुकतो. पलीकडेही कर्णबधिर मैत्रीणच असेल, तर मध्ये कोणी लागतच नाही. दोघी थेट गप्पा मारतात.

हा फोन मिळवायला तिथे सेवा देणाऱ्या कंपनीकडे नाव, पत्ता नोंदवावा लागतो, आपल्याला ऐकू येत नाही असं लिहून द्यावं लागतं. मग तिला स्वतःचा दहा आकडी नंबर मिळतो. घर बदललं तर पत्ता बदलून घ्यावा लागतो, कारण अडचणीत मदत त्याच पत्त्यावर धावत येते. दुभाषीचे पैसे बाईला द्यावे लागत नाहीत. फोन कंपन्यांकडून जमा होणाऱ्या निधीतून ते जातात.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं कौतुक आम्हाला कशाला? तर मैत्रिणींनो, यंत्र आपल्या घरात आलेलंच आहे. व्हिडिओ कॉल होणारा मोबाइल हाच व्हिडिओफोन. फक्त काही गोष्टी सांभाळा. खुणांना दोन्ही हात लागतात, म्हणून मोबाइल हातात धरू नका, तांब्याला किंवा डब्याला टेकवून उभा करा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या; पाठीमागे उघडं दार असलं की चेहरा काळा दिसतो. रेंज कुठे चांगली येते ती जागा हेरून ठेवा, नाहीतर चित्र अडकतं आणि अर्धं वाक्य हरवतं. फोन आला की थरथरेल, त्याचा दिवा चमकेल, असं सेटिंग बहुतेक मोबाइलमध्ये असतं. शाळेतल्या पोराला सांगा, तो करून देईल.

निवासी कर्णबधिर शाळेत शिकलेल्या मुली लग्न होऊन चार दिशांना जातात. वर्षानुवर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं सासरी कोणी नसतं. अशा मुलीला जुन्या मैत्रिणीचा नंबर शोधून द्या, मोबाइल डब्याला टेकवून द्या आणि बाजूला व्हा. मग बघा तिचे हात कसे चालतात ते.

दुभाषीचं काय? आपल्याकडे दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. या केंद्रानं व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर दुभाषी मिळण्याची सोय सुरू केली. तिचा नंबर आणि वेळ केंद्राच्या संकेतस्थळावरून बघून घ्या. आधी निवांतपणी एकदा लावून बघा, अडीनडीला पहिल्यांदा नको.

पण एक अडचण आहे. शाळेत न गेलेल्या बाईला घरच्याच खुणा येतात. आईला कळणारी खूण दिल्लीच्या दुभाषीला कळणार नाही. त्यासाठी भाषा शिकावी लागेल, तिनं आणि आपणही. त्याच केंद्राच्या शब्दकोशात दहा हजार शब्दांच्या खुणा आहेत, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट बघता येतात. गटाच्या बैठकीत दर वेळी पाच खुणा शिकलो, तरी वर्षभरात पैसे, कर्ज, औषध, ताप, उद्या, नको हे सगळं बोलता येईल.

तोवर तिच्या वतीनं फोन आपणच करणार. तेव्हा तिकडच्या दुभाषींना पाळावे लागणारे नियम आपणही पाळू या. तीनच सांगते. पहिला, सगळं सांगायचं. वाईट बातमी असली, समोरचा रागावला असला, तरी तेही. दुसरा, पदरचं काही घालायचं नाही. ती "मला हप्ता वाढवून नको" म्हणाली, तर तुम्हाला काय वाटतं ते तिथे सांगायचं नाही. आणि तिसरा, ऐकलेलं पोटात ठेवायचं. तिच्या आजाराची, पैशाची गोष्ट नळावर गेली, की ती पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. ओटीपी आणि पिन तर तिचे तिनंच टाकायचे.

आणि असा मध्यस्थीचा फोन तुम्हाला कधी आला, तर "तिला सांगा" असं दुभाषीला म्हणू नका. "ताई, तुम्ही उद्या या" असं तिच्याशीच बोला. मध्ये थोडा वेळ शांतता राहील. तेव्हा हात बोलत असतात. फसवाफसवीचा फोन समजून लगेच ठेवून देऊ नका.

शेवटी कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कर्णबधिर बाईला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा, स्वतःचा पैसा सांभाळण्याचा आणि इतरांच्या बरोबरीनं बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क आहे. पण कर्जाचं बोलणं दिरानं केलं आणि तिला फक्त अंगठा उठवायला बोलावलं, तर तो हक्क कागदावरच राहतो.

येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात कर्णबधिर बाया किती, मोजा. त्यांच्या घरी जा. एकीलाच नाही, तर प्रत्येकीला विचारा, "तुला कुणाला फोन करायचा आहे?" खुणेनं विचारा, नाव लिहून विचारा, फोटो दाखवून विचारा. मग तो फोन लावून द्या. ही पत्रिका हातात पडेल तेव्हा त्यांच्यातल्या वाचता येणाऱ्या बहिणीला हे पान आधी द्या.