भूल आणि घड्याळ

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही काही वैद्य नव्हे. सरकारी फायलींत आयुष्य घालविलेले कला शाखेचे पदवीधर. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्यास कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया येथेच, हैदराबादेत झाली. दीड तास लागेल असे सांगितले होते, लागले साडेतीन. डॉक्टर बाहेर येताच आम्ही काहीशा उर्मटपणे विचारले, "इतका वेळ भुलीत ठेवलेत?"

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविली. तत्पूर्वी शल्यवैद्याची थोरवी हाताच्या वेगावर ठरत असे; लंडनचा लिस्टन काही मिनिटांतच पाय कापून वेगळा करी. भुलीमुळे वेदना गेली आणि सावकाशीने काम करण्याची मुभा आली. आपल्या या हैदराबादेतही १८८८ व १८८९ साली, निजामाच्या आश्रयाने, क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवा, हा डॉ. लॉरी यांचा आग्रह. हृदयास धोका नाही हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. श्वासाविषयीचा धडा मात्र टिकला.

मग वेळ वाढला की काय होते? निश्चल पडलेल्या देहात फुफ्फुसाचा काही भाग मिटतो व कफ साचतो. पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते. अंग थंड पडल्यास जखम दूषित होण्याचा संभव वाढतो. वृद्ध माणसे शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रमिष्टासारखी वागतात. अनेक अभ्यास एकत्र पडताळून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, शस्त्रक्रिया अर्ध्या तासाने लांबली की गुंतागुंतीची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. मात्र हा सारा दोष भुलीचा नव्हे. दुखणे अवघड असते म्हणूनही वेळ लागतो, आणि अवघड दुखण्यात गुंतागुंतही अधिकच.

येथेच आमची चूक आहे. पहिली कळ आली तेव्हाच शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. परंतु बदलीचे वर्ष, रजेची अडचण, गावाकडून येणारे कोणी नाही, अशा सबबींवर आम्ही दोन वर्षे दवडली. वारंवारच्या सुजेने अवयव एकमेकांना चिकटले. दुर्बिणीचे काम अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागले. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितले. वाढलेला वेळ त्यांचा नव्हता, आमचा होता.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत कफ साचला होता. तेव्हा मंडळातील भगिनींनी पाळ्या लावल्या. दीर्घ श्वास घ्यायला लावणे, उठवून बसविणे, हात धरून व्हरांड्यात चालविणे, हे सर्व त्यांनी केले. पाचव्या दिवशी ताप उतरला.

म्हणून एवढीच विनंती. तंबाखू व धूम्रपान काही आठवडे आधी सोडा. चालू औषधे आणि व्यसने भूलतज्ज्ञापासून लपवू नका. उपाशी राहण्याची सूचना तंतोतंत पाळा. डॉक्टर सांगतील तेव्हा, दुखत असले तरी, उठून चाला. आणि "गावी गेल्यावर पाहू" म्हणून दुखणे अंगावर काढू नका. बहीण-भावजय दूर असली, तरी हे मंडळ जवळ आहे. ते किती जवळ आहे, हे आम्ही त्या व्हरांड्यात पाहिले आहे.